ब्रॉडवेखालील दफनभूमी

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहटन बेटावर, दक्षिण टोकाकडे, ड्युएन स्ट्रीट आणि एल्क स्ट्रीट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर काळसर ग्रॅनाइटची एक वास्तू उभी आहे. सभोवार न्यायालये, नगरपालिका, सरकारी कचेऱ्या. पाठीशी केंद्र सरकारची ३४ मजली इमारत. त्या मानाने ही वास्तू इतकी लहान, की घाईने जाणाऱ्याच्या ती लक्षातही येऊ नये. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या आप्तांकडे गेलो असता एका दुपारी आम्ही तेथे गेलो. सोबत भाचा होता. त्याला हे स्थळ ऐकूनदेखील ठाऊक नव्हते. "मामा, पाच मिनिटांत बघून होईल," तो म्हणाला. आम्ही तेथे दोन तास थांबलो.

ही आफ्रिकन दफनभूमी. अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या, आणि पुढे काही अंशी मुक्त झालेल्या, आफ्रिकन स्त्री-पुरुषांचे व त्यांच्या लेकरांचे हे विश्रांतिस्थान. सुमारे साडेसहा एकरांच्या या जागेत १५,००० माणसे पुरली गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जवळजवळ दोनशे वर्षे तिच्यावरून न्यूयॉर्क शहर चालत राहिले, आणि आपण कशावरून चालतो आहोत याची त्याला खबर नव्हती.

या कथेचा आरंभ १६२६ च्या सुमारास होतो. न्यूयॉर्क तेव्हा न्यू ॲमस्टरडॅम नावाची डच वसाहत होती. डच वेस्ट इंडिया कंपनीने तेथे पहिले आफ्रिकन गुलाम आणले. १६४४ साली यांपैकी अकरा पुरुषांना कंपनीने सशर्त मुक्तता दिली. त्या सनदेतील काही नावे वाचकहो, मोठ्याने वाचून पाहा: पाउलो द अंगोला, सिमॉन काँगो, अँथनी पोर्तुगीज, जॉन फ्रान्सिस्को. डच कॅल्विनपंथीयांच्या वसाहतीत ही नावे कोठून आली? अंगोला आणि काँगोच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी ख्रिस्ती धर्मही नेला होता आणि गुलामांचा व्यापारही. ज्यांच्यामुळे वसईच्या घराघरांत संतांची नावे आणि पोर्तुगीज आडनावे आली, त्यांचाच ठसा या गुलामांच्या नावांवर आहे. आफ्रिकेतून आणलेले गुलाम पोर्तुगीज काळात गोव्यात होते, वसईच्या किल्ल्यातही होते. त्यांच्याविषयी आपण सहसा बोलत नाही. त्यांचा दफनविधी कोठे झाला असेल, हा प्रश्न आम्हांला स्वतःला तरी ती ग्रॅनाइटची वास्तू पाहीपर्यंत कधी पडला नव्हता.

१६४४ ची ती मुक्तता मोठी विचित्र होती. बापाला मुक्तता, परंतु त्याची मुले कंपनीच्या मालकीची. मुक्त झालेल्यांना जमिनी दिल्या त्या गावकुसाबाहेर, म्हणजे मूळच्या इंडियन जमातींचा हल्ला आलाच तर तो आधी त्यांच्यावर यावा. १६६४ साली वसाहत इंग्रजांच्या हाती गेली आणि कायदे आणखी कठोर झाले.

दफनभूमीच्या कथेत निर्णायक वर्ष म्हणजे १६९७. त्या वर्षी ट्रिनिटी चर्च या अँग्लिकन धर्मग्रामाची स्थापना झाली आणि गावाची सार्वजनिक दफनभूमी त्याच्या आवारात आली. लगेच त्याच्या कार्यकारी मंडळाने ठराव केला, की यापुढे चर्चच्या आवारात कोणाही कृष्णवर्णीयाचे दफन होणार नाही. त्या चर्चच्या बांधकामात गुलामांचे श्रम वापरले गेले होते. भिंत ज्यांनी उभारली त्यांनाच भिंतीच्या आत जागा नाही, असा हा न्याय. मग गावाबाहेर, कलेक्ट पाँड नावाच्या तळ्याजवळच्या ओसाड उतारावर आफ्रिकन लोक आपले मृत नेऊ लागले.

ते चर्च अँग्लिकन होते, आपले नव्हते, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. मेरिलँड प्रांतातील येशूसंघीयांनी १८३८ साली आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम विकले. त्या पैशांतील काही भागातून आजच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचे कर्ज फिटले. २०१७ साली विद्यापीठाने आणि येशूसंघाने त्यांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली. सेमिनरीत आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास चार वर्षे शिकलो. त्यात हे पान नव्हते.

गावाबाहेरच्या त्या उतारावरही मृतांना शांतता मिळाली नाही. १७२२ च्या कायद्याने गुलामांचे दफन दिवसाउजेडीच करावे असे ठरले. आफ्रिकन परंपरेत रात्रीच्या दफनाला महत्त्व होते. मालकांना मात्र रात्री जमलेल्या गुलामांचे भय वाटे. १७३१ साली आणखी एक नियम आला: अंत्ययात्रेस १२ पेक्षा अधिक गुलाम नकोत, आणि शवपेटीवर आच्छादन घालायचे नाही. आपल्याकडे कोणी गेले की अवघी आळी लोटते. त्या बारांतून कोणी यायचे आणि कोणी मागे राहायचे, हे त्या घरातील माणसे कशी ठरवीत असतील?

पुढे वैद्यकीय विद्यार्थी विच्छेदनासाठी येथील प्रेते रात्री उकरून नेऊ लागले. फेब्रुवारी १७८८ मध्ये शहरातील मुक्त आणि गुलाम अशा दोन्ही कृष्णवर्णीयांनी नगरमंडळाकडे अर्ज केला, की आमच्या मृतांना त्रास देऊ नये. अर्ज दप्तरी पडून राहिला. दोनच महिन्यांनी गोऱ्यांच्या दफनभूमीतून प्रेत चोरीस गेल्याचा बोभाटा झाला, तेव्हा मात्र शहरात मोठी दंगल उसळली. १७९५ च्या सुमारास दफनभूमी बंद होऊन तिचे तुकडे पाडले गेले, आणि उतार सपाट करण्यासाठी तिच्यावर भराव टाकण्यात आला. काही ठिकाणी हा भराव २५ फुटांपर्यंत होता. पुसून टाकण्यासाठी टाकलेली ती मातीच मृतांची राखणदार ठरली.

आता दोन शतके ओलांडून १९९१ साली यायला हवे.

केंद्र सरकारच्या इमारती बांधणाऱ्या जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या खात्याने १९९० च्या अखेरीस ब्रॉडवेवरील २९० क्रमांकाची जागा घेतली. ३४ मजल्यांची इमारत आणि तिच्या शेजारी चार मजल्यांचा एक जोडभाग असा आराखडा होता. खात्याला काहीच ठाऊक नव्हते असे नाही. १७५५ च्या एका जुन्या नकाशावर या जागी निग्रोंची दफनभूमी असल्याचे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले आहे, आणि बांधकामापूर्वीच्या अहवालात त्या नकाशाचा उल्लेखही होता. परंतु एकोणिसाव्या शतकातील इमारतींच्या तळघरांनी जे काही असेल ते केव्हाच नष्ट केले असेल, असे अहवालकर्त्यांनी गृहीत धरले. भराव किती खोल आहे याचा हिशेब कोणी नीट केला नाही. १९९१ च्या शरद ऋतूत उत्खनन सुरू झाले आणि मातीखालून एकामागून एक शवपेट्यांच्या रेषा उमटू लागल्या.

तरीही काम थांबले नाही. थांबण्याचा रोजचा खर्च मोठा होता. पुरातत्त्वज्ञ प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली हाडे टिपत होते आणि बाजूला यंत्रे चालू होती. फेब्रुवारी १९९२ मध्ये पायाचे काँक्रीट ओतताना काही कबरी चिरडल्या गेल्या. कारण काय, तर कामगारांच्या हातात जुना झालेला नकाशा होता. दफनाचा भाग त्यावर दाखवलेलाच नव्हता.

येथे आम्हांला थोडे विषयांतर करू द्यावे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात असताना सिमेंटरीचे कुंपण सरळ करण्याचे काम काढले. वास्तुविशारदाने काढून दिलेला नकाशा देखणा होता आणि धर्मग्राम परिषदेने तो एकमताने मान्य केला. एका कोपऱ्यात झुडपांत दहा-बारा फुटके दगडी क्रूस होते. नाव नाही, तारीख नाही. नोंदवहीत शोधले, सापडले नाहीत. आम्ही ते उचलून भिंतीशी रचून ठेवण्यास सांगितले आणि त्या जागी फरशी बसवली. पुढच्या २ नोव्हेंबरला एक वृद्ध बाई मेणबत्ती आणि झेंडूची फुले घेऊन आली आणि त्या फरशीवर उभी राहिली. "फादर, मानमोडीच्या साथीत गेलेली आमची माणसं इथं होती. बाबा दाखवायचे," ती म्हणाली. एवढेच. तिने आवाज चढवला नाही. फरशीवरच तिने मेणबत्ती लावली. वास्तुविशारदाने आम्हांला पहिल्याच भेटीत विचारले होते, कोपऱ्यात काय आहे? 'काही नाही' हे उत्तर आमचे होते.

न्यूयॉर्कमध्ये 'काही नाही' हे उत्तर ऐकून घ्यायला तेथील कृष्णवर्णीय समाज तयार नव्हता. कोणी कामाच्या जागी जागरणे केली, प्रार्थना केल्या, पूर्वजांच्या नावे जमिनीवर पाणी ओतले. कोणी राजकीय दारे ठोठावली. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी खात्याला खडसावले. त्यांच्या कार्यालयात बांधकामांचे काम पाहणाऱ्या पेगी किंग जॉर्ड या बाईंनी हा प्रश्न हाती घेतला तो कित्येक वर्षे सोडला नाही. जुलै १९९२ मध्ये सार्वजनिक इमारतींवरील संसदीय उपसमितीचे अध्यक्ष गस सॅव्हेज यांनी सुनावणी घेतली आणि खात्याच्या अधिकाऱ्यांना चांगलेच धारेवर धरले. महिनाअखेर उत्खनन थांबले. ऑक्टोबरमध्ये कायदा होऊन जोडभागाचा बेत रद्द झाला आणि स्मारकासाठी निधी मंजूर झाला. ३४ मजल्यांची इमारत मात्र उभी राहिलीच. जागा वाचली ती जोडभागाची, अर्ध्या एकराहूनही कमी. साडेसहा एकरांतले बाकीचे अद्याप रस्त्यांखाली आणि इमारतींखाली आहे. १९९३ साली या दफनभूमीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

४१९ जणांचे अवशेष तोवर बाहेर काढले गेले होते. त्यांचे करायचे काय, हा मोठा वादाचा विषय झाला. प्रथम ते शहरातीलच एका महाविद्यालयात ठेवले होते. समाजाचे म्हणणे पडले, की आमच्या पूर्वजांना हात लावणारे आमच्या विश्वासातील असावेत आणि काय शोधायचे हेही आम्हांला विचारून ठरावे. अखेर अवशेष वॉशिंग्टनमधील हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या नामांकित विद्यापीठात नेले गेले आणि मायकेल ब्लेकी या मानववंशशास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली अभ्यास झाला. वंशाच्या समाजाला संशोधनाचा धनी मानण्याची ही रीत पुढे अनेकांनी उचलली.

हाडांनी जे सांगितले ते कोणत्याही दप्तरात नव्हते. मृतांपैकी निम्म्याच्या जवळपास मुले होती. मोठ्यांच्या हाडांवर, जेथे स्नायू जोडलेले असतात तेथे, अतिभाराच्या खुणा होत्या, स्त्रियांच्याही. बहुतेकांना शवपेटीत, कफनात गुंडाळून, डोके पश्चिमेकडे ठेवून पुरले होते, म्हणजे उठून बसले तर तोंड पूर्वेला. एका प्रौढ स्त्रीच्या कमरेभोवती मण्यांची आणि कवड्यांची माळ होती. तिचे दात आफ्रिकेतील रीतीप्रमाणे घासून आकार दिलेले होते. एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी हृदयासारखी आकृती काढलेली होती. ती घानामधील 'संकोफा' हे चिन्ह असावे, असे प्रथम मानले गेले. मागे वळून जे विसरले ते घेऊन ये, असा त्याचा आशय. २०१० साली एका इतिहासकाराने या अर्थाबद्दल शंका घेतली: ते साधे हृदयही असू शकेल. आमच्या दृष्टीने दोन्ही चालेल. ज्याला दिवसभर दुसऱ्याची चाकरी करायची होती, अशा कोणीतरी वेळ काढून एकेक खिळा ठोकला, हे खरे.

आणि एक कबर अशी, जिच्यात पंचवीस ते पस्तीस वर्षांच्या आईच्या कुशीत नवजात बाळ ठेवलेले होते.

ऑक्टोबर २००३ मध्ये हे ४१९ जण परत आले. घानामध्ये हातांनी कोरलेल्या महोगनीच्या पेट्यांतून ते वॉशिंग्टनहून निघाले. वाटेतील शहरांत थांबत, लोकांचा निरोप घेत न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांना पुन्हा त्याच भूमीत ठेवून वर सात उंचवटे करण्यात आले. या वेळी अंत्ययात्रेस किती जणांनी यावे यावर बंधन नव्हते. हजारो आले.

आता वास्तुविशारद. स्मारकासाठी १९९८ साली खात्याने आराखडे मागवले, ६१ आले. स्मारकाकडून काय अपेक्षित आहे हे कलम जॉर्डबाई आणि समाजाच्या समितीने आधीच घडवून ठेवले होते. सगळी प्रक्रिया सात वर्षे रेंगाळली आणि लोक चिडलेही. पण त्या काळात पाच निवडक आराखड्यांच्या प्रतिकृती लोकांपुढे मांडल्या गेल्या, सभा झाल्या, मते घेतली गेली. २००५ साली रॉडनी लिऑन यांची निवड झाली. ते हैतियन वंशाचे, न्यूयॉर्कमध्येच काम करणारे तरुण वास्तुविशारद. निकोल होलांट-डेनिस या त्यांच्या सहकारी. (लिऑन यांचेच पुढचे काम म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आवारातील गुलामगिरीच्या बळींचे स्मारक, ते २०१५ साली झाले.)

त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. शेजारी ३४ मजले असता उंचीची स्पर्धा करण्यात अर्थ नव्हता. लिऑन यांनी माणसाला खाली नेले. रस्त्यावरून आत आलात, की प्रथम 'पूर्वजांचा कक्ष' लागतो. तो अरुंद, दोन्ही बाजूंनी कलत्या भिंतींचा, वर निमुळता होत जाणारा. गुलामांच्या जहाजाच्या तळाची आठवण करून देणारा. त्याची उंची २४ फूट, कारण जमिनीखाली मृत जवळपास तेवढ्याच खोल सापडले. जे डोळ्यांआड होते ते माप त्यांनी डोळ्यांपुढे उभे केले. कक्षाच्या दाराला 'परतीचे दार' असे नाव आहे. सेनेगलच्या गोरे बेटावर गुलामांना जहाजात चढवताना ज्या दारातून नेत असे सांगतात, त्याला 'न परतण्याचे दार' म्हणतात. हे त्याला दिलेले उत्तर. तेथून एक उतरता मार्ग वळत वळत वर्तुळाकार चौकात पोहोचतो. चौकाच्या फरशीवर जगाचा नकाशा कोरला आहे, मध्यभागी आफ्रिका. भोवतालच्या भिंतीवर नाना परंपरांची चिन्हे आहेत: घानाची, हैतीची, इस्लामची चंद्रकोर, आपला क्रूस. दगडही एका खंडाचा नाही. दक्षिण आफ्रिकेचा आणि उत्तर अमेरिकेचा, दोन्ही एकत्र लावलेले.

उतरताना भिंतीवर कबरींची वर्णने वाचता येतात. क्रमांक, वय, स्त्री की पुरुष. नावे नाहीत, कारण ती कोणालाच ठाऊक नाहीत. वास्तुविशारदाला वाटले असते तर तो काही भव्य, कल्पित पुतळे उभे करू शकला असता. त्याने जे सापडले तेवढेच दगडावर लिहू दिले. या संयमासाठी आम्ही त्याला मानतो. एक गोष्ट मात्र आम्हांला खटकली: कक्षाचा बाहेरचा दगड इतका गुळगुळीत आहे, की त्यात शेजारच्या कचेऱ्यांच्या काचा चमकतात. कदाचित तेही हेतुपुरस्सर असेल.

२७ फेब्रुवारी २००६ रोजी हे स्थळ राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. ५ ऑक्टोबर २००७ रोजी वास्तू खुली झाली. त्या दिवशी कवयित्री माया अँजेलू उपस्थित होत्या. २०१० पासून शेजारच्या त्याच ३४ मजली इमारतीच्या तळमजल्यावर माहिती केंद्र आहे. १९९१ चा पहिला सांगाडा आणि २००७ चे उद्घाटन यांत सोळा वर्षे गेली. ती दिरंगाई होती, पण लोकांना न विचारता दोन वर्षांत उरकले असते तर तेथे एखादी पाटी आणि दोन झाडे लागली असती, असे आमचे मत आहे.

भाचा त्या आई-बाळाच्या वर्णनापाशी बराच वेळ उभा होता. त्याची स्वतःची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. परतताना गाडीत तो फारसे बोलला नाही, एवढेच विचारले, "मामा, आपल्या गावच्या सिमेंटरीतल्या सगळ्यांची नावं आहेत का हो कुठे लिहिलेली?"

गावी परतल्यावर आम्ही आमच्या त्या जुन्या धर्मग्रामाच्या सध्याच्या प्रमुख धर्मगुरूंना पत्र लिहिले. क्रूस अजूनही भिंतीशी रचलेले आहेत, असे त्यांनी कळवले. परिषदेशी बोलून फरशी उखडता येईल, वास्तुविशारदही तयार आहे. फक्त कोणता क्रूस कोठे होता हे सांगणारे कोणी हवे. ती बाई २००९ साली वारली. तिची एक धाकटी बहीण नायगावला आहे म्हणतात. येत्या आठवड्यात आम्ही तिच्याकडे जाणार आहोत.